संगणकाला स्वतःचे अवयव का सापडत नाहीत?

शाळेच्या संगणक-कक्षात हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे : "काल तर चालत होता!" काल नेटवर्क मिळत होते, आज नाही. सकाळी माऊस हलत नव्हता, दुपारी पुन्हा चालू केल्यावर हलू लागला. हार्ड डिस्क तीनदा सापडते आणि चौथ्यांदा सापडत नाही. पूर्णपणे बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे त्यामानाने सोपे असते. कधी चालणारे आणि कधी न चालणारे यंत्र मात्र शिक्षकाची खरी परीक्षा पाहते.

हा प्रश्न आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी ज्या अटी आहेत त्या अनेक जुने संगणक पुऱ्या करू शकत नाहीत. अशा संगणकांवर लिनक्स ही मुक्त व विनामूल्य प्रणाली बसवली, तर ते आणखी काही वर्षे सहज काम देतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरातील शाळांना हा मार्ग उपयोगी आहे. पण अधूनमधून दगा देणारा संगणक लवकरच 'नादुरुस्त' ठरतो आणि कापड घालून कोपऱ्यात ठेवला जातो. चाळीस विद्यार्थ्यांच्या तुकडीला दहा संगणक असतील तर एका संगणकावर चौघे बसतात. दोन संगणक कोपऱ्यात गेले की पाच जण बसतात, आणि पाचव्याच्या हाताला कळफलक लागतच नाही. म्हणून असा दोष कसा शोधावा, हे शिक्षकाने जाणून घेण्यासारखे आहे.

यंत्राची हजेरी

संगणक सुरू केल्यावर पहिली काही सेकंदे लिनक्स कोठेच नसते. मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची साठवलेली बायोस ही आज्ञावली प्रथम जागी होते. ती स्मृती, कळफलक व डिस्क यांची प्राथमिक तपासणी करते आणि डिस्कवरील ग्रब या छोट्या आज्ञावलीकडे सूत्रे सोपवते. ग्रब लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणून ठेवते. येथून पुढे सारी जबाबदारी कर्नलची.

आपल्याला कोणकोणते अवयव आहेत हे कर्नलला आधी माहीत नसते. दरवेळी तो नव्याने हजेरी घेतो. नेटवर्क कार्ड, ध्वनी कार्ड इत्यादी भाग पीसीआय नावाच्या मार्गावर बसलेले असतात. या मार्गावर जास्तीत जास्त २५६ शाखा, प्रत्येक शाखेवर ३२ जागा आणि प्रत्येक जागी ८ कार्ये असू शकतात. कर्नल एकेका जागेला विचारतो, "तुझा उत्पादक कोण?" तेथे यंत्र असेल तर ते सोळा बिटांचा क्रमांक सांगते. इंटेल कंपनीचा क्रमांक षोडशमान पद्धतीत ८०८६ आहे. तिच्या प्रसिद्ध ८०८६ प्रक्रियकाची ही आठवण. जागा रिकामी असेल तर सोळाही बिट १ असलेले उत्तर मिळते, म्हणजे दशमान पद्धतीत ६५,५३५. हा क्रमांक कोणत्याही उत्पादकाला दिलेला नसल्यामुळे त्याचा अर्थ 'गैरहजर' असा होतो.

यूएसबीची पद्धत थोडी वेगळी आहे. यूएसबी माऊसमध्ये एका संदेशवाहक तारेला दीड किलोओहमचा रोधक जोडलेला असतो. माऊस खोचताच त्या तारेवरील दाब वाढतो आणि 'कोणीतरी आले' हे संगणकाला कळते. मग संगणक त्याची ओळख विचारतो. उत्तर वेळेत व शुद्ध आले, तरच माऊसची नोंद होते.

ओळख पटली तरी काम संपत नाही. त्या यंत्राशी बोलणारी चालक आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, कर्नलला जोडावी लागते. हे काम यूडेव्ह नावाची व्यवस्था करते. ती २००३ साली लिनक्समध्ये आली. यंत्राचे क्रमांक आणि उपलब्ध ड्रायव्हरांची यादी यांची जुळणी करून ती योग्य ड्रायव्हर बोलावते.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या टोकाला कर्जत तालुका आहे. त्यातील खैराट या खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेचा प्रयोग झाला. त्या मुलांच्या हातातील छोटे संगणक लिनक्सवरच चालत. ते सर्व एकाच घडणीचे असल्यामुळे कोणते ड्रायव्हर लागणार हे आधीच ठरलेले होते. आपल्या कक्षातील परिस्थिती याच्या उलट असते. चार निरनिराळ्या वर्षी आलेले संगणक, एक देणगीत मिळालेला, एकात नंतर बसवलेले नेटवर्क कार्ड. त्यामुळे आपल्याकडे हजेरीला अधिक महत्त्व आहे.

चार प्रश्न

एखादा भाग सापडत नसेल तर तो हजेरीच्या कोणत्या पायरीवर हरवला, हे पाहावे. त्यासाठी चार प्रश्न पुरेत.

पहिला प्रश्न : बायोसला तो भाग दिसतो काय? सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून बायोसचा पडदा उघडता येतो. तेथेच हार्ड डिस्क दिसत नसेल तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. दोष तारेत, विजेत किंवा खुद्द डिस्कमध्ये आहे.

दुसरा प्रश्न : कर्नलला तो भाग मार्गावर दिसतो काय? पीसीआयवरील यंत्रांची यादी 'एलएसपीसीआय', यूएसबीवरील यंत्रांची 'एलएसयूएसबी' आणि डिस्कची 'एलएसबीएलके' ही आज्ञा देते. या आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टंकाव्यात. भाग यादीतच नसेल तर जोडणी तपासावी.

तिसरा प्रश्न : ड्रायव्हर जोडला गेला काय? 'एलएसपीसीआय' या आज्ञेपुढे एक जागा सोडून उणे चिन्ह व 'के' हे अक्षर टंकल्यास प्रत्येक यंत्राखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव येते. यंत्र यादीत आहे पण ड्रायव्हरची ओळ नाही, तर दोष बहुधा आज्ञावलीत आहे. अशा वेळी पेचकस हातात घेण्याची गरज नाही.

चौथा प्रश्न : नाव बरोबर मिळाले काय? यंत्र आहे, ड्रायव्हरही आहे, पण प्रणाली त्याला दुसऱ्याच नावाने शोधत आहे, असेही होते. त्याविषयी पुढे पाहू.

कर्नलची रोजनिशी

हजेरी घेताना कर्नल प्रत्येक घटना सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंतच्या वेळेसह लिहून ठेवतो. ही रोजनिशी 'डीमेसेज' या आज्ञेने वाचता येते. काही वितरणांत त्याआधी 'सुडो' लिहून संकेतशब्द द्यावा लागतो. आज्ञेचे स्पेलिंग 'डी-एम-ई-एस-जी' असे आहे.

अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी मागच्या वेळची रोजनिशी अधिक मोलाची. आता सारे ठीक चालले असेल, तर आताच्या नोंदीत दोष कसा सापडणार? उबुंटूसारख्या वितरणात 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा जुन्या नोंदीही दाखवते. तिच्यापुढे उणे बी, व त्यापुढे उणे एक लिहिले की मागील वेळची नोंद मिळते, उणे दोन लिहिले की त्याच्या मागची. चांगल्या दिवसाची आणि वाईट दिवसाची नोंद शेजारी-शेजारी ठेवून दोन्हींतील फरक शोधावा.

काही खुणा लक्षात ठेवाव्यात. यूएसबी यंत्राच्या नावापुढे 'एरर -७१' आले तर संभाषण बिघडले, आणि 'एरर -११०' आले तर उत्तर वेळेत आले नाही असे समजावे. दोन्हींचे कारण बहुधा सैल तार, लांबवलेली तार किंवा अपुरी वीज हे असते. डिस्कबाबत 'लिंक डाउन' किंवा 'स्लो टू रिस्पॉन्ड' असे शब्द आढळले, तर आधी साटा तार बदलून पाहावी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती 'स्मार्टसीटीएल' या आज्ञेने वाचता येते. तीत १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर संशय तारेवर घ्यावा. ५ किंवा १९७ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील, तर डिस्कच थकली आहे. मग आधी विद्यार्थ्यांच्या फाइलींची प्रत काढून घ्यावी आणि मगच पुढील शोध घ्यावा.

कधी दिसते, कधी दिसत नाही : पाच कारणे

पहिले कारण हवेतील दमटपणा. ठाण्याला खाडी आहे, कल्याण-डोंबिवलीच्या कडेने उल्हास नदीची खाडी जाते, आणि पावसाळ्यात येथील हवेची सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. डोंबिवलीला औद्योगिक वसाहतही आहे. हवेत गंधकयुक्त वायू असतील तर ओलाव्याच्या साहाय्याने ते तांबे व चांदी यांवर काळपट थर चढवतात. स्मृतीच्या पट्टीवरील सोनेरी दातांवर खरोखर सोन्याचा मुलामा असतो. सोने गंजत नाही, पण हा मुलामा एक मायक्रोमीटरहूनही पातळ असतो व त्यातील सूक्ष्म छिद्रांतून खालचा धातू उघडा पडतो. संपर्क कमकुवत झाला, की तापमानातील थोडा बदल किंवा एखादा धक्काही हजेरी चुकवायला पुरतो.

दुरुस्ती करणारे कारागीर हे दात खोडरबराने घासतात. त्याचा गुण येतो, पण प्रत्येक वेळी थोडा मुलामाही निघतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसणे चांगले. नुसते पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्यानेही पुष्कळदा काम होते.

दमटपणावर साधा उपाय म्हणजे यंत्र वापरात ठेवणे. २८ अंश सेल्सिअसला ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा संगणकाच्या पेटीत ३८ अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४८ टक्क्यांवर येते. हवेतील वाफ तेवढीच राहते, फक्त हवेची वाफ धरण्याची क्षमता वाढते. म्हणून पावसाळ्यातील सुट्ट्यांतही दोन-तीन दिवसांआड प्रत्येक संगणक तासभर चालू ठेवावा. वातानुकूलित कक्षात उलट काळजी घ्यावी. वरील हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश आहे. २२ अंशांपर्यंत थंड केलेल्या खोलीच्या खिडक्या एकदम उघडल्या, तर यंत्रांवर दव जमते.

दुसरे कारण वीज. हार्ड डिस्कची चकती गती घेताना १२ व्होल्टच्या तारेतून साधारण दोन अँपिअर प्रवाह ओढते. वीजपेटीतील, म्हणजे एसएमपीएसमधील, धारित्रे जुनी झाली असतील तर त्या क्षणी दाब घसरतो आणि डिस्कला उशीर होतो. यंत्र तापल्यावर हीच धारित्रे बरे काम देतात, म्हणून सकाळी पहिल्या वेळी दोष दिसतो व दुसऱ्या वेळी दिसत नाही. बहुमापकाने १२ व्होल्टच्या तारेवरील दाब मोजावा. तो ११.४ ते १२.६ व्होल्ट या मर्यादेत असावा. पण एसएमपीएस कधीही उघडू नये. २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि आतील धारित्रांवर तो भार प्लग काढल्यानंतरही काही काळ टिकू शकतो.

मदरबोर्डवरील नाण्यासारखी छोटी बॅटरीही तपासावी. तिचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो. यातील २० म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास, आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. संगणकाला मुख्य वीज मिळत असताना या बॅटरीवर भार जवळजवळ नसतो. मे महिन्याच्या सुट्टीत कक्षाचा मुख्य खटका बंद राहतो, तेव्हा घड्याळ तिच्यावर चालते. तीन व्होल्टची ही बॅटरी दुबळी झाली की बायोसमधील मांडणी मूळपदावर जाते. डिस्कशी बोलण्याची पद्धत किंवा सुरू होण्याचा क्रम बदलतो, तारीख कित्येक वर्षे मागे जाते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एकाच वेळी अनेक संगणक 'बिघडले' तर प्रथम तारीख पाहावी.

तिसरे कारण मागच्या खेळीचे अवशेष. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज बंद होताना नेटवर्क कार्डला गाढ झोपवून ठेवू शकते. नंतर लिनक्स सुरू केल्यावर ते कार्ड जागे होत नाही. तसेच 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असेल तर विंडोज खरे म्हणजे पूर्ण बंद होतच नाही, आणि तिचा डिस्कवरील विभाग लिनक्सला केवळ वाचण्यापुरता मिळतो. ही सोय बंद करावी. संगणक बंद करून प्लग काढावा, सुरू करण्याची कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी व मग संगणक पुन्हा चालू करावा. एवढ्याने कार्ड सापडले, तर कारण येथेच आहे.

चौथे कारण नावांची अदलाबदल. पहिली डिस्क 'एसडीए', दुसरी 'एसडीबी' ही नावे ज्या क्रमाने डिस्क सापडतील त्या क्रमाने मिळतात. कर्नल अनेक यंत्रांचा शोध एकाच वेळी घेत असल्यामुळे हा क्रम दरवेळी तोच राहील याची हमी नाही. म्हणून 'एफस्टॅब' या फाइलीत डिस्क-विभागाचा १२८ बिटांचा यूयूआयडी क्रमांक लिहिण्याची पद्धत आहे. वर्गात दोन विद्यार्थी जागा बदलून बसले तरी त्यांचे नोंदवही क्रमांक बदलत नाहीत, तसेच हे. उलट, काढून टाकलेल्या डिस्कचा क्रमांक या फाइलीत राहून गेला, तर संगणक तिची दीड मिनिट वाट पाहत थांबतो. सुरू होताना नेमका ९० सेकंदांचा खोळंबा होत असेल तर ही फाइल पाहावी. नेटवर्क कार्डाचे 'ईएनपी३एस०' हे नाव 'तिसरी शाखा, शून्य क्रमांकाची जागा' असे सांगते. नवे कार्ड बसवल्यावर शाखांचे क्रमांक सरकले, तर जुन्या कार्डाचे नाव बदलते आणि जुन्या नावाने केलेली नेटवर्कची मांडणी निरुपयोगी होते.

पाचवे कारण ड्रायव्हर. कर्नल अद्ययावत झाल्यानंतर एखादे यंत्र नाहीसे झाले, तर सुरू होताना ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडावा. त्यात यंत्र सापडले, की जोडणी निर्दोष ठरली. काही वायफाय यंत्रांना ड्रायव्हरबरोबर फर्मवेअर नावाची फाइलही लागते. ती नसेल तर रोजनिशीत 'फर्मवेअर' या शब्दासह तक्रार दिसते. डेबियन या वितरणाने जून २०२३ मधील १२व्या आवृत्तीपासून अशा फाइली प्रस्थापनेबरोबरच देण्यास सुरुवात केली.

उपाय लागू पडला हे कसे ओळखावे?

येथेच बहुतेकांची फसगत होते. तार बदलली, संगणक तीनदा सुरू केला, तीनही वेळा चालला, म्हणजे दोष गेला असे आपण म्हणतो. पण जरा गणित करू. समजा, पूर्वी तीनपैकी एका वेळी दोष दिसत असे. म्हणजे संगणक काहीही न करता नीट सुरू होण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश. तर लागोपाठ तीनदा नीट सुरू होण्याची संभाव्यता २/३ × २/३ × २/३ = ८/२७, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. याचा अर्थ तार न बदलताही हा 'गुण' दहापैकी तीन वेळा दिसलाच असता.

ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणण्यासाठी लागोपाठ आठ वेळा यश मिळाले पाहिजे, कारण दोन-तृतीयांशाचा आठवा घात सुमारे ०.०३९ येतो. दोष पाचपैकी एकदाच दिसत असेल तर चौदा वेळा पाहावे लागेल. दोष जितका विरळ, तितका धीर अधिक हवा. शिवाय दोष सकाळी थंड यंत्रातच दिसत असेल, तर दुपारी आठ वेळा सुरू करून काहीच सिद्ध होत नाही. चाचणी ज्या परिस्थितीत दोष येतो त्याच परिस्थितीत घ्यायला हवी.

दुसरा नियम : एका वेळी एकच बदल करावा. तार, स्मृती व कर्नल एकदम बदलले आणि यंत्र चालले, तर कशाने चालले ते कधीच कळणार नाही. तिसरा नियम अदलाबदलीचा. संशयित तार चांगल्या संगणकाला लावावी आणि त्याची तार याला. दोष तारेबरोबर गेला तर तार दोषी, संगणकापाशीच राहिला तर तार निर्दोष.

कक्षात करून पहा

प्रत्येक संगणकाजवळ एक वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, थंड सुरुवात की पुन्हा सुरुवात, आधी कोणती प्रणाली चालू होती, पाऊस होता काय, मधे वीज गेली होती काय, आणि कोणता भाग सापडला नाही, एवढे रकाने असावेत. इयत्ता नववी-दहावीचे विद्यार्थी ही नोंद उत्तम ठेवतात. महिन्याभराने थंड व पुन्हा सुरुवातीतील दोषांचे प्रमाण काढावे. त्यात स्पष्ट फरक दिसला तर वीज किंवा संपर्क, फक्त विंडोजनंतर दिसला तर झोपलेले कार्ड, अद्ययावतीकरणाच्या तारखेपासून दिसला तर ड्रायव्हर, असा तर्क विद्यार्थी आपणहून करू लागतात. पेटी उघडण्याचे काम मात्र शिक्षकांनी, प्लग काढून व धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत घालवल्यावरच करावे.

दोन नादुरुस्त ठरलेले संगणक जरी अशा रीतीने पुन्हा उभे राहिले, तरी पाचव्या विद्यार्थ्याच्या हाताला कळफलक लागेल. निरीक्षण, नोंद, तर्क आणि पडताळा हे शब्द विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात येतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. कोपऱ्यातील तो झाकलेला संगणक त्यांच्यासाठी तयार प्रयोगसाहित्य आहे. त्याच्यावरील कापड काढून वहीचे पहिले पान सुरू करण्यास येता सोमवार चांगला, कारण रविवारभर बंद राहिलेले यंत्र त्या सकाळी थंडच असते.